सेंट ऑगस्टीनचा मनोरा मराठ्यांनी पाडलेला नाही

जुन्या गोव्यातल्या अर्ध्या पडलेल्या जांभ्याच्या मनोऱ्याचा फोटो आणि त्याखाली चार ओळी, असा एक मजकूर गटागटांतून फिरतो आहे. त्याचा आशय असा : छत्रपती संभाजी महाराजांनी १६८३ मध्ये पोर्तुगीजांच्या राजधानीत घुसून चर्चं फोडली, हा मनोरा त्याचीच साक्ष, तिथल्याच बॉम जेझस चर्चच्या भिंतींचा गिलावा तेव्हाच तोफांनी उडाला आणि या धास्तीने फिरंग्यांनी राजधानी पणजीला हलवली. महाराजांवरच्या प्रेमापोटी लोक हे पुढे पाठवतात. पण त्या मोहिमेत जे खरंच घडलं, ते या मजकुरामुळे झाकलं जातं आणि मला त्याचंच वाईट वाटतं.

आधी मनोरा. तो ज्याचा आहे, ते सेंट ऑगस्टीनचं चर्च १६०२ मध्ये पूर्ण झालं. मनोरा सुमारे ४६ मीटर उंच होता आणि १६८३ नंतरही तो जवळजवळ अडीचशे वर्षं उभा होता. पोर्तुगालमधल्या उदारमतवादी सरकारने धार्मिक पंथ बरखास्त केले आणि १८३५ मध्ये गोव्यातल्या ऑगस्टिनियन साधूंना मठ सोडावा लागला. एवढ्या मोठ्या वास्तूला कोणी वाली उरला नाही. पावसाळ्यामागून पावसाळे गेले, १८४२ मध्ये छताची कमान कोसळली आणि १९३१ मध्ये दर्शनी भिंत व मनोऱ्याचा अर्धा भाग खाली आला. मनोऱ्यातली प्रचंड घंटा १८४१ मध्ये आग्वादच्या दीपगृहात नेली आणि १८७१ पासून ती पणजीच्या चर्चमध्ये आहे. पांढऱ्या जिन्यांच्या त्या चर्चसमोर उभं राहून मान वर केली की घंटा दिसते. मनोरा १६८३ मध्येच पडला असता, तर ही घंटा १८४१ मध्ये कुठून उतरवली?

जुन्या गोव्यातल्याच से कॅथेड्रल या चर्चचा एकच बुरूज उरलाय, त्याचंही खापर कोणी कोणी मराठ्यांवर फोडतं. दुसरा बुरूज १७७६ मध्ये वीज पडून गेला.

गिलाव्याची गोष्ट तर अगदी अलीकडची आहे. बॉम जेझसच्या बाहेरच्या भिंतींना पूर्वी चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात पोर्तुगीज राजवटीतच, चर्च अधिक 'जुनं' दिसावं म्हणून तो काढून टाकला. उघडा पडलेला जांभा तेव्हापासून पाऊस पितो आहे.

आता 'राजधानीत घुसले' हा दावा. पोर्तुगीज व्हाइसरॉय काउंट ऑफ आल्वोर याने मराठ्यांच्या फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला, किल्ला झुंजला आणि महाराज स्वतः मदतीला आल्यावर त्याला हात हलवत परतावं लागलं. मग नोव्हेंबर १६८३ च्या अखेरीस, ओहोटीचा फायदा घेऊन मराठ्यांनी रात्रीतून जुवे बेट आणि तिथला किल्ला घेतला. राजधानीपासून हे बेट हाकेच्या अंतरावर आहे. सकाळी बेट सोडवायला गेलेल्या व्हाइसरॉयच्या तुकडीची दाणादाण उडाली आणि तो स्वतः जखमी होऊन जेमतेम वाचला. शहरात हाहाकार माजला. व्हाइसरॉयने बॉम जेझसमध्ये जाऊन सेंट झेवियरची शवपेटी उघडवली, आपला अधिकारदंड संताच्या पायाशी ठेवला आणि राज्य तुम्हीच सांभाळा म्हणून विनवणी केली. पोर्तुगीज सत्तेची एवढी गाळण उडाली होती! पण शहर पडलं नाही. मराठे गोव्यातल्याच साष्टी आणि बारदेश या भागांकडे वळले. तिथे लूट झाली, चर्चनाही झळ पोचली, हे लपवायचं कारण नाही. जानेवारी १६८४ मध्ये औरंगजेबाचा मुलगा शाहआलम याची मोगल फौज येऊन ठेपल्यावर महाराजांना मोहीम आवरती घ्यावी लागली. जुन्या गोव्यातल्या चर्चवर मात्र त्या मोहिमेत मराठ्यांचा हात पडला नाही.

राहिला राजधानीचा मुद्दा. यात थोडं तथ्य आहे. या धक्क्यानंतर आल्वोरने राजधानी मुरगावला न्यायचा घाट घातला, बांधकामही सुरू झालं, पण ते तडीस गेलं नाही. पणजीचं कारण वेगळं. जुन्या गोव्यात दूषित पाणी आणि हिवताप-पटकीच्या साथींनी सोळाव्या शतकापासूनच माणसं मरत होती, सतराव्यात वस्ती झपाट्याने घटली. शेवटी १७५९ मध्ये व्हाइसरॉय पणजीच्या आदिलशाही वाड्यात राहायला गेला आणि पणजीला राजधानीचा अधिकृत दर्जा मिळाला १८४३ मध्ये, म्हणजे संभाजी महाराजांच्या स्वारीनंतर १६० वर्षांनी.

या मोहिमेचा फोटो लावायचाच असेल, तर जुव्याच्या टेकडीवरच्या किल्ल्याचा लावा. मराठ्यांनी ओहोटीच्या रात्री जिंकला तो हा किल्ला.