नऊ लिटरचा फरक

पस्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला फरक सहन होत नाही. रोकड आणि खतावणी यांच्यात चाळीस पैशांचा मेळ बसेना म्हणून रात्री साडेनऊपर्यंत शाखेत थांबलेल्या पिढीतला मी आहे. त्यामुळे निवृत्तीनंतर कोथरूडच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरील गॅलरीत मी मातीविना शेती मांडली आणि एका सकाळी ४० लिटरच्या टाकीत ३१ लिटरच पाणी शिल्लक आढळले, तेव्हा चहा तसाच ठेवून मी वही काढली. झाडांनी प्यायलेले पाणी, उन्हाने उडालेले पाणी आणि मोजताना सांडलेले पाणी अशा तीन नोंदी करून पाहिल्या. पालक, लेट्यूस आणि पुदिना मिळून चोवीस रोपे होती आणि त्यांतले सर्वांत मोठे माझ्या तळहाताएवढे होते. या मंडळींनी एका दिवसात नऊ लिटर रिचवले असे लिहून त्याखाली सही करणे माझ्या हातून झाले नसते.

ही शेती म्हणजे चार इंची पांढरे पीव्हीसी पाइप, प्रत्येकी दोन मीटर लांब, एकाखाली एक असे तीन, आणि प्रत्येकात आठ भोके. भोकांत जाळीच्या वाट्या, वाट्यांत रोपे. खालच्या टाकीतला कूलरचा पंप पाणी वर चढवतो आणि तिथून ते पातळ ओहोळासारखे मुळांना भिजवत, मधल्या अर्ध्या इंची जोडपाइपांमधून एका पाइपातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात उतरत पुन्हा टाकीत येते. त्यासाठी दर चाळीस सेंटिमीटरला एक सेंटिमीटर उतार द्यावा, असे मला सांगितले होते आणि तो मी पाणसळ लावून दिला होता. एल्बो (काटकोनी जोड), टी, टँक निपल (टाकीला पाइप जोडणारा आटेदार तुकडा) आणि रबरी ग्रोमेट (भोकात बसणारी कडी) धरून संपूर्ण मांडणीत सतरा सांधे होते. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढे तो वाढणार आहे.

दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या. निवृत्त शाखाधिकाऱ्याला ‘अरे’ म्हणणारी आमच्या सोसायटीतली ही एकमेव व्यक्ती.

“अरे, ग्रिलवर कुरडया वाळत घातल्यात, त्यांच्यावर तुझ्याकडून टपटप चाललंय. आणि पाणी खारट लागतंय रे.”

आजींनी ते चाखून पाहिले होते. त्यात कॅल्शियम नायट्रेट, मॅग्नेशियम सल्फेट आणि आणखी काही क्षार आहेत, आणि ते दोन वेगळ्या बाटल्यांतून द्यावे लागतात, कारण दाट द्रावणे एकत्र आली की तळाशी खडूसारखा गाळ बसतो, हे सारे मी वाटणी झालेल्या भावांचे उदाहरण देऊन समजावले. आजींनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे पापडखारासारखंच ना?”

गळती आहे हे सिद्ध झाले होते. सेकंदाला एक थेंब पडला तर दिवसाकाठी चार लिटरांहून अधिक पाणी जाते, तेव्हा नऊ लिटरांसाठी दोन थेंब पुरेसे होते. मी स्टुलावर चढलो. मधल्या पाइपाच्या टोकाच्या एल्बोखाली एक थेंब लोंबत होता, त्याच्या मागे दुसरा तयार होता. आरोपी जागेवरच सापडल्याचा मला कोण आनंद झाला.

दुपारी बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन मी अर्ध्या इंची एल्बो मागितला. दुकानदाराने विचारले, “पांढरा की पिवळट?” रंगाशी मला काय करायचे, असे वाटून मी पिवळट घेतला, कारण तो अधिक टिकाऊ दिसत होता. घरी आल्यावर कळले की पांढरा यूपीव्हीसी आणि पिवळट सीपीव्हीसी यांचा अर्धा इंच हा एकच अर्धा इंच नाही. एकाच्या पाइपाचा बाहेरचा व्यास सुमारे २१ मिलिमीटर असतो, तर दुसऱ्याचा जेमतेम १६. एकाच मूल्याच्या दोन नोटा दोन आकारांच्या असाव्यात, तसा हा प्रकार. मी पुन्हा बोहरी आळीत गेलो. दुकानदाराने काही विचारले नाही, नुसता पांढरा एल्बो पुढे सरकवला.

या सांध्यांना जे सोल्यूशन लावतात ते डिंक नव्हे. ते दोन्ही पृष्ठभाग किंचित विरघळवते आणि एकात एक मुरवते, म्हणून पाइप कोरडाठाक असावा लागतो आणि एकदा बसलेला सांधा पुन्हा सुटत नाही. यातले पहिले मला सांधा गळू लागल्यावर समजले आणि दुसरे एल्बोचे तोंड आकाशाकडे राहून गेल्यावर. मी तो कापला. कापल्यामुळे पाइप दोन इंच आखूड झाला, म्हणून मध्ये तुकडा घालावा लागला, तुकड्यासाठी कपलर, म्हणजे दोन पाइप सरळ जोडणारी नळी, लावावा लागला, आणि कपलर म्हटला की दोन नवे सांधे आले. अशा तीन दुरुस्त्यांनंतर सतराचे तेवीस सांधे झाले. कर्ज फेडण्यासाठी कर्ज काढणारे खातेदार मी आयुष्यभर पाहिले होते, पण त्यांच्याविषयी मला आपुलकी प्रथमच वाटली.

जिथे आटे होते तिथे टेफ्लॉन टेप. हा पदार्थ रॉय प्लंकेट यांना १९३८ साली फ्रिजच्या वायूवर काम करताना योगायोगाने गवसला आणि त्याचा मोठा गुण असा की त्याला काहीही चिकटत नाही. कशालाही न चिकटणारी वस्तू गळती थांबवण्यासाठी वापरायची, हे मला पटायला वेळ लागला. प्रत्यक्षात ती आट्यांमधल्या फटी भरते, मात्र आटे ज्या दिशेने आवळायचे त्याच दिशेने गुंडाळली तरच. मी उलटी गुंडाळली होती. दर फेऱ्याला ती सुटत जाऊन टँक निपलाबाहेर झालरीसारखी लोंबू लागली, तेव्हा मी पान्ह्याला जोर दिला आणि प्लॅस्टिकने ‘कट्’ असा छोटासा, पण अखेरचा आवाज केला.

यानंतर सौ.नी प्लंबरला फोन केला. त्याने सारे पाहून आधी “हे कुणी बसवलं?” असे विचारले आणि माझ्या चेहऱ्यावरून उत्तर ओळखून पुढे म्हणाला, “काका, याला प्रेशरच नाही. प्रेशर असतं तर पाण्यानं स्वतःच दाखवलं असतं कुठून येतंय ते.” त्याचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते. मीटरभर उंचीच्या पाण्याचा दाब हवेच्या दाबाच्या एक दशांशच भरतो. असे सुस्त पाणी फवारा मारत नाही. ते पाइपाच्या पोटाला बिलगून चोरपावलांनी उताराकडे सरकते आणि अडथळा लागेल तिथे थेंब होऊन पडते. किटलीतला चहा तोटीखालून ओघळत जातो, तसेच. फुटलेला टँक निपल मात्र त्याने चार मिनिटांत बदलून दिला आणि जाताना कुंड्या कुठे स्वस्त मिळतात तेही सांगितले.

मातीविना शेतीचे ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्यम गेरिके यांनी १९३७ साली रूढ केले. ग्रीक भाषेत ‘हायड्रो’ म्हणजे पाणी आणि ‘पोनोस’ म्हणजे श्रम. त्यांचा अर्थ पाण्याने करवून घेतलेले श्रम असा होता. आमच्या गॅलरीत पाणी आराम करीत होते.

अखेरीस मी बँकेची जुनी पद्धत अवलंबिली. वर्तमानपत्राच्या तेवीस पट्ट्या कापून त्यांवर क्रमांक टाकले, प्रत्येक सांध्यावर एकेक गुंडाळली आणि रात्री टॉर्च घेऊन दर अर्ध्या तासाने तपासणी आरंभली. साडेअकराला फक्त चौदा क्रमांकाची पट्टी ओली झाली, तीच मधल्या पाइपाच्या टोकाची. पण ती सांध्याच्या बाजूने कोरडी होती आणि पाइपाच्या बाजूने भिजली होती. तिच्याकडे मी बराच वेळ पाहत बसलो, तेव्हा पाणी प्यायला उठलेल्या सौ. म्हणाल्या, “अहो, जिथं सांधा नाहीच, तिथं एक पट्टी लावून बघा ना.”

लावली. भिजली. मग वीतभर वर लावली, तीही भिजली. असे करीत करीत मी पाइपाच्या मध्यावर, पुदिन्याच्या भोकापाशी पोहोचलो आणि वाटी उचलली. वाटी एकटी आली नाही. तिच्यामागून सुमारे दोन फूट लांब, दाट, पांढरी, वेणीसारखी मुळे येऊ लागली. वर तळहाताएवढ्या दिसणाऱ्या या रोपाने आत धरण बांधले होते. पाणी त्यामागे तुंबत होते, भोकाच्या काठावरून हळूच सांडत होते आणि पाइपाच्या पोटाखालून निमूटपणे चौदाव्या सांध्यापर्यंत चालत जाऊन तिथे गळत होते. माझे मूळचे सतराही सांधे निर्दोष होते. मी दुरुस्त करीपर्यंत.

पुदिन्याची सकाळी चटणी झाली. वाटीभर चटणी घेऊन मी कुरडयांबद्दल दिलगिरी व्यक्त करायला खाली गेलो. आजींनी बोटाने चाखली आणि मीठ कमी असल्याचे सांगितले.

आता टाकीत रोज सकाळी साधारण साडेअडतीस लिटर भरते. दीड लिटरापैकी निम्मे मी झाडांच्या नावे टाकतो. उरलेले कपलरमधून जाते की उन्हाने, हे अजून ठरलेले नाही, म्हणून ते सध्या सस्पेन्स खात्यात आहे.