ठराव केराच्या टोपलीत जातो, हे कितपत खरे?

15 ऑगस्टची ग्रामसभा जवळ आली की कोकणातील गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश हमखास फिरू लागतो. शब्द थोडे बदलतात, मजकूर तोच राहतो: निम्मे गाव मुंबईत असल्यामुळे ग्रामसभेला कोरम (गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी) होत नाही, झाला तरी मोठे प्रकल्प वरून ठरतात आणि गावाचे ठराव केराच्या टोपलीत जातात, निवडणुकीने गावात भांडणे लागतात, म्हणून गावकीने, म्हणजे गावच्या घराण्यांच्या पारंपरिक बैठकीने, बसून सरपंच बिनविरोध ठरवावा, आणि पैसाच वरून येतो, तेव्हा ग्रामसभेला जाऊन वेळ कशाला घालवायचा? हा संदेश पुढे पाठवणारी माणसे बहुधा गावावर जीव असलेलीच असतात. त्यांच्या मनात हे इतके खोलवर बसले आहे, म्हणूनच त्यातील एकेक मुद्दा तपासून पाहणे मला गरजेचे वाटते.

कोरमचा मुद्दा लवकर निकालात निघतो. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी धरली जाते. चारशे मतदारांच्या गावात ती साठ होते आणि दोन हजारांच्या गावातही शंभराच्या वर जात नाही. शिवाय गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा बोलावली जाते तेव्हा तिला गणपूर्तीची अट राहत नाही. म्हणजे आपण गेलो नाही म्हणून निर्णय थांबतात असे मुळीच होत नाही. पंचवीस माणसे बसतात आणि सगळ्या गावाच्या नावाने ठराव होतात. चाकरमान्यांविषयीही, म्हणजे नोकरीसाठी मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांविषयीही, एक गैरसमज आहे. गावच्या मतदार यादीत ज्याचे नाव आहे तोच ग्रामसभेचा सदस्य असतो. मुंबईच्या यादीत नाव असलेल्या माणसाने देवळाच्या जीर्णोद्धाराला कितीही देणगी दिली, तरी ग्रामसभेत त्याचे मत मोजले जात नाही. उरतात ती गावात राहणारी माणसे, आणि आपल्याकडे त्यांत बायकांची संख्या मोठी असते. प्रत्येक नियमित ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. ती कोकणात जितकी उपयोगी पडू शकते तितकी क्वचितच दुसरीकडे पडेल.

प्रकल्पांचा मुद्दा मात्र जड आहे, आणि त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पासाठी माडबन परिसरातील जमीन लोकांचा विरोध असतानाच संपादित झाली. पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराला किनाऱ्यावरचे मच्छीमार वर्षानुवर्षे विरोध करत असतानाही जून 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. ज्यांची घरे आणि होड्या त्या किनाऱ्यावर आहेत त्यांना 'तुमच्या शब्दाला किंमत आहे' असे सहज सांगता येत नाही, सांगूही नये. परंतु ग्रामसभेच्या ठरावाने प्रकल्प हमखास थांबत नाही, एवढ्यावरून ठरावाचा काहीच उपयोग नाही असे ठरत नाही. संदेश या दोन गोष्टींची सरमिसळ करतो.

पेणचे उदाहरण घ्या. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन घेण्याच्या प्रश्नावर 21 सप्टेंबर 2008 रोजी पेण तालुक्यातील 22 गावांत शेतकऱ्यांचे मतदान घेण्यात आले. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील ही गावे होती. धरण आमच्या शेतीला पाणी द्यायला बांधले असेल, तर पाणी यायच्या आधीच शेती काढून का घेता, असा त्यांचा साधा प्रश्न होता. ती काही ग्रामसभा नव्हती. जिल्हा प्रशासनाने घेतलेला तो कौल होता. पण तो घ्यावा लागला याचे कारण गावे आधीपासून एकत्र बसत होती, लिहून देत होती, आणि कुणाच्या सातबाऱ्यावर किती क्षेत्र जाते हे त्यांना पाठ होते. त्या भातशेतीवर ते विशेष आर्थिक क्षेत्र उभे राहिले नाही. नाणारची गोष्ट अलीकडची आहे. तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी 2017 मध्ये निघालेली भूसंपादनाची अधिसूचना मार्च 2019 मध्ये रद्द झाली. ती केवळ ठरावांमुळे रद्द झाली असे म्हणणे भाबडेपणाचे होईल, कारण त्यामागे मोर्चे होते, निवडणुकीचे राजकारण होते, युतीची बोलणी होती. तरीही गावाचा विरोध म्हणजे चार पुढाऱ्यांचा विरोध नव्हे, हे दाखवायला गावांच्या हाती काही ठोस असेल तर ते ग्रामसभांचे ठरावच होते.

आणि ठराव म्हणजे नेहमी 'नको'च असतो असेही नाही. पश्चिम घाटाच्या अभ्यासासाठी नेमलेल्या माधव गाडगीळ समितीने 2011 मध्ये अहवाल दिला. आमचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करा, अशी मागणी सिंधुदुर्गातील 25 गावांनी ठराव करून केल्याची नोंद त्यात आहे. खाणींनी डोंगर पोखरले जाण्याची भीती असलेल्या गावांनी काय हवे ते स्वतः मांडले, आणि ते एका राष्ट्रीय पातळीवरच्या अहवालात पोचले. केराच्या टोपलीतून कागद तिथपर्यंत जात नाही.

कायद्यानेही सगळीकडे सारखीच ताकद दिलेली नाही. पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा या भागांत पेसा कायदा, म्हणजे आदिवासी अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना जास्त अधिकार देणारा कायदा, लागू आहे. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील क्षेत्रांत नसल्यामुळे तिथे तो नाही. वनहक्क कायदा मात्र सगळीकडे आहे, आणि त्यातील ग्रामसभेचे अधिकार किती खरे आहेत हे 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातील नियमगिरीच्या खाणीच्या प्रकरणात निर्णय ग्रामसभांवर सोपवून दाखवून दिले. तिथल्या बारा ग्रामसभांनी खाणीला नकार दिला आणि खाण झाली नाही. आपल्याला कुठला कायदा लागू आहे हे माहीत नसताना 'ग्रामसभेला अधिकारच नाहीत' असे सरसकट म्हणणे गावाला महागात पडते.

आता गावकी. तिच्याविषयी मला मनापासून आदर आहे. शिमग्याची पालखी, व्हाळावरचे (ओढ्यावरचे) बंधारे, एखाद्याच्या घरी दुःख झाले की न बोलावता जमणारी माणसे, हे सारे तिने टिकवले आहे. पण गावकीच्या बैठकीत मान कुणाचा, आधी कोण बोलणार, हे घराण्यावरून ठरलेले असते, आणि बायका बहुतेक गावांत तिथे बसतही नाहीत. महाराष्ट्रात 2011 पासून ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. त्या जागांवर कोण बसणार हे जर महिला नसलेल्या बैठकीत ठरणार असेल, तर आरक्षणाला काय अर्थ उरतो? शिवाय गावकीत काय ठरले याची माहिती अधिकारात प्रत मागता येत नाही.

बिनविरोध निवड खरोखर सर्वांच्या संमतीने झाली तर तिला हरकत घेण्याचे कारण नाही. पण 'भांडण टाळले' या नावाखाली काय घडू शकते ते जानेवारी 2021 मध्ये राज्याने पाहिले. नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे पदांचा जाहीर लिलाव झाल्याचे उघड झाल्यावर राज्य निवडणूक आयोगाने तिथल्या निवडणुका रद्द केल्या. लिलावाचा पैसा देवळाला दिला म्हणून मतदाराचे मत विकले गेले नाही असे होत नाही. थेट सरपंचाची पद्धत 2017 मध्ये आली, 2020 मध्ये गेली आणि 2022 मध्ये परत आली. म्हणजे आज सरपंच निवडण्याचा हक्क प्रत्येक मतदाराकडे आहे. तो बैठकीत परस्पर सोडून देण्याचा अधिकार कुणालाही नाही.

राहिला पैशाचा प्रश्न. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतील 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेली होती आणि उरलेली 40 टक्के गावाच्या गरजेप्रमाणे वापरायची होती. म्हणजे रक्कम आणि तिचे काही नियम वरून येतात, एवढे संदेशात बरोबर आहे. परंतु कोणत्या वाडीची विहीर आधी, कुठली पाखाडी (पायऱ्यांची वाट) दुरुस्त करायची, कुठला साकव (ओढ्यावरचा छोटा पूल), हे ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात ठरते, आणि तो आराखडा ग्रामसभेपुढे यावा लागतो. ई-ग्रामस्वराजच्या संकेतस्थळावर तो कुणालाही मोबाइलवर पाहता येतो.

आमच्या वाडीच्या व्हाळावरील साकवाचा कठडा तीन पावसाळे तुटलेला होता. शाळेत जाणारी मुले एकमेकांचा हात धरून ओलांडत. प्रत्येक सभेत कुणीतरी उठून सांगे, 'बघू या' असे उत्तर मिळे, आणि कागदावर काहीच राहत नसे, कारण हजेरीच्या सह्या सुरुवातीला घेतल्या जात आणि इतिवृत्त नंतर सवडीने लिहिले जाई. एका वर्षी वाडीतल्या बायकांनी आधीच लेखी अर्ज देऊन विषय विषयपत्रिकेवर घ्यायला लावला. सभा संपत आली तेव्हा त्यांनी लिहिलेले वाचून दाखवायला सांगितले. 'साकवाबाबत चर्चा झाली' असे वाक्य होते. मागच्या बाकावरून एक काकी उठल्या आणि इतिवृत्त लिहिणाऱ्या ग्रामसेवकाला म्हणाल्या, "भाऊसाहेब, चर्चा झाली नको. दुरुस्त करायचा ठरलं, असं लिवा." तसे लिहिले गेले, सूचक आणि अनुमोदक म्हणून दोन बायकांची नावे पडली आणि त्याखाली सह्या झाल्या. पुढच्या आराखड्यात साकव आला आणि मे महिना संपायच्या आत कठडा बसला.

यंदाच्या पावसात त्याच साकवाचा पलीकडचा खांब खचला आहे. 15 ऑगस्टच्या सभेसाठी अर्ज दिला असून जुन्या ठरावाची प्रत त्याला जोडली आहे.