सिगारेटची पाटी चालते, डायलॉगची नाही?

"स्क्रीनवर अक्षरं आली की पब्लिकला त्रास होतो." मराठी पिक्चरचे डायलॉग पडद्यावर लिहून दाखवा म्हटलं, त्यावर हे जळगावातल्या एका मल्टिप्लेक्सच्या मॅनेजरचं उत्तर. कोणती पब्लिक भो? तीच ना, जी भर पिक्चरमध्ये फोन उचलून "हां, पिक्चरमध्ये आहे, बोल ना" करते? पडद्यावर कोणी सिगारेट पेटवली की खाली धूम्रपानाचा इशारा येतो, दर वेळी येतो, विलन दणकून सिगारेटी ओढणारा असला तर अर्धा पिक्चर ती ओळ तिथेच ठाण मांडून असते, तेव्हा कोणाचे डोळे दुखले नाहीत.

माझ्या ताईला जन्मापासून ऐकू येत नाही. भुसावळला शिवणकाम करते, मराठी झरझर वाचते, पिक्चरची हौस तर विचारू नका. ओठ वाचावेत म्हटलं तर हिरो निम्म्या वेळा पाठमोरा, म्हणून मी शेजारी बसून डायलॉग फोनवर टाइप करून दाखवतो. परवा मागचे काका खेकसले, "ओ भाऊ, मोबाईल बंद करा!" त्यांचंही खोटं नाही, उजेड डोळ्यात जातोच. पण मग ताईने काय करायचं? अख्खं थेटर हसतं, ही माझ्या तोंडाकडे बघते, आणि मी टाइप करेपर्यंत पुढचे दोन जोक होऊन गेलेले. तिकिटाचे पैसे मात्र पूर्ण, वर बुकिंगचा चार्ज वेगळा.

इंटरव्हलला मॅनेजरला सांगितलं की बाबा, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कॅप्शनची, म्हणजे डायलॉगच्या अक्षरांची, सोय सांगणारं 42 वं कलम आहे, माहिती-प्रसारण मंत्रालयाने 15 मार्च 2024 ला त्याचीच खास थेटरांसाठी गाइडलाइन काढलीय. तर म्हणे आमच्याकडे असं काही आलं नाही, आणि वर फुकटचा सल्ला, "इंग्लिश पिक्चर बघत जा ना, त्यात खाली येतं." ताई मराठी शाळेत शिकलेली, आता हिने पिक्चरसाठी इंग्लिशचा क्लास लावायचा का?

आणि त्या गाइडलाइनची गंमत बघा. ही सोय करायला एकापेक्षा जास्त भाषांत सर्टिफिकेट घेणाऱ्या पिक्चरला मुदत दिली सहा महिने, बाकीच्यांना थेट दोन वर्षं. म्हणजे नुसत्या मराठीत निघणारा आपला पिक्चर रांगेत सगळ्यात मागे ठेवला!

ज्यांना दिसत नाही त्यांचं तर फोनवरच भागतं. अ‍ॅप थेटरातला आवाज ऐकून बरोबर त्या जागेपासून कानात सांगायला लागतं की कोण आत आलं, कोण रडतंय. थेटरवाल्याचा रुपया खर्च नाही. पण प्रोड्युसरने तो वर्णनाचा ट्रॅक बनवला तर ना! 'पठाण'च्या वेळी 2023 मध्ये लोकांना दिल्ली हायकोर्टात जावं लागलं, तेव्हा कुठे ओटीटीसाठी कॅप्शन आणि हे वर्णन करायचा आदेश निघाला. पिक्चर बघायला वकील लावायचा, वा रे वा. तिकडे अमेरिकेत जून 2018 पासून डिजिटल थेटरला सीटवर कॅप्शन दाखवणारी यंत्रं ठेवावीच लागतात, एकच स्क्रीन असली तरी चार.

बरं, यंत्र नको, अक्षरं दाखवणारा चष्मा नको, राहू द्या. अक्षरांचा वेगळा शो ठेवायची सोय गाइडलाइनमध्येच आहे. मंगळवारी दुपारच्या शोला तसंही चार टाळकी असतात, तो द्या. पब्लिकला त्रास होतो म्हणे, त्या शोला पब्लिक असते तरी कुठे?