"मांजर उलटी करतच असतं" या प्रतिक्रियेला उत्तर

घरातली कुठली झाडं-फुलं मांजरांना विषारी असतात यावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. "लोकांना घाबरवायचा धंदा", "तुम्ही काय डॉक्टर आहात का", आणि "आमच्याकडे तीन पिढ्या मांजरं आहेत, मांजर उलटी करतच असतं". अहो, मत वेगळं असू दे ना, पण "धंदा" कशाला? या ब्लॉगवर एक जाहिरात दाखवा मला. हेच नीट शब्दांत विचारलं असतंत तर मीही नीटच बोलले असते.

एक मान्य. मनी प्लांटचं पान चावून मांजर सहसा मरत नाही, हे तुमचं बरोबर आहे. लेखातही तेच लिहिलंय, तिथपर्यंत वाचायची तसदी घेतली असतीत तर दिसलं असतं.

आता ते उलटीचं. माझं सगळं लहानपण आजोळी मांजरांत गेलंय, त्यामुळे पिढ्या मोजायच्या तर आमच्याकडेही कमी नाहीत. गवत खाऊन ओकलेलं मांजर मला कळतं, फेसात हिरव्या काड्या दिसतात आणि थोड्या वेळाने तेच मांजर दुधाच्या पातेल्याशी हजर. मनी प्लांट, डिफेनबाखिया, पीस लिली या कुंडीतल्या शोभेच्या झाडांचं तसं नसतं, त्यांच्या पानात सुईसारखे बारीक स्फटिक असतात ते तोंडात टोचतात, म्हणून चावल्या चावल्या लाळ गळायला लागते, मांजर पंजाने तोंड खरवडतं, डोकं झटकतं, वाटीजवळ येतं, वास घेतं आणि न खाताच मागे फिरतं. ही तुमची "नेहमीची उलटी" आहे का?

आणि बुकेमधली ती मोठ्या पाकळ्यांची लिली तर वेगळंच प्रकरण. माझ्या मावशीकडे साखरपुड्याचा बुके आला होता, तिच्या पांढऱ्या मांजरीच्या छातीवर केशरी पूड लागलेली मी स्वतः पाहिली. ती पूड म्हणजे परागकण, आणि मांजर अंग चाटतं तेव्हा ते पोटात जातात. संध्याकाळी ओकली, सगळे म्हणाले केस गिळले असतील. अगदी तुमचंच वाक्य! रात्री उलट्या थांबल्या म्हणून सगळे निर्धास्त झाले. दुसऱ्या दिवशी नुसती पाण्याच्या भांड्याशी बसून, मग लघवीच बंद. किडन्या गेल्या होत्या, वाचली नाही. लिलीत हेच होतं, उलट्या थांबतात, मांजर बरं वाटतं आणि एक ते तीन दिवसांत किडनी बंद पडते. पान, फूल, पराग, फुलदाणीतलं पाणीसुद्धा चालत नाही. पहिल्या काही तासांतच सलाईन सुरू झालं तर बरीच मांजरं वाचतात, म्हणून तर मी "वाट बघू नका" लिहिलं, ते तुम्हाला घाबरवणं वाटलं.

हो, मी डॉक्टर नाही, कुठे म्हटलंय तसं? म्हणूनच लेखात प्रत्येक ठिकाणी डॉक्टरकडे न्या लिहिलंय. मीठपाणी पाजून उलटी काढा असं खाली एकाने सुचवलंय ते मात्र अजिबात करू नका, मिठाचीच विषबाधा होते.

बाकी शुद्धलेखन, लेखाची लांबी वगैरेवर मी उत्तर देत बसणार नाही.

तुमच्या खिडकीतल्या कुंडीचा फोटो टाका, झाड कुठलं आहे ते सांगते. आणि घरात बुके आला तर लिलीच्या काड्या दाराबाहेरच काढा, नुसते पराग खुडून भागत नाही.