सुट्टीतलं श्रमदान आणि परवडणारी घरं

वसंतातल्या सुट्टीत भटकायला न जाता गरजू कुटुंबांची घरं बांधायला जाणाऱ्या अमेरिकी कॉलेजच्या मुलांवरचा हा लेख मनापासून आवडला. ‘आठवडाभरात ही पोरं काय बांधणार?’ असं विचारणारे भेटतातच. अहो, अख्खं घर ती बांधतच नाहीत! वायरिंग, प्लंबिंग जाणकार माणसंच करतात. मुलांच्या वाट्याला येतं भिंतींचे लाकडी सांगाडे ठोकणं, रंग देणं. एक तुकडी गेली की दुसरी तिथूनच पुढे सुरू करते. मजुरी वाचते, तेवढा घराचा खर्च उतरतो.

लेखात एक महत्त्वाची गोष्ट राहिली. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ या गरजूंसाठी घरं बांधणाऱ्या संस्थेच्या पद्धतीत घर फुकट मिळत नाही. ते कुटुंबही बांधकामावर राबतं आणि पुढे परवडणारे हप्ते फेडतं. म्हणजे ज्या बाईच्या घरात आपण खिळे ठोकतोय, तीच शेजारी शिडी धरून उभी असते. मला तर हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर नव्वदी ओलांडल्यावरही या कामावर जायचे!

फक्त संस्थांनी पहिल्या दिवशीच्या सुरक्षा प्रशिक्षणात टाळाटाळ करू नये. मुलं नवखी असतात, हेल्मेट आणि गॉगल सक्तीचेच हवेत.