अपील टाकलं म्हणून बेलीफ थांबत नसतो

"निकाल विरोधात गेला तरी घाबरू नका. अपील टाका, निकाल आपोआप थांबतो. जुन्याच भाड्यात वीस वर्षं आरामात बसा." जागा खाली करण्याचा दावा हरलेल्या भाडेकरूंसाठीचा हा मेसेज फिरत फिरत सोलापूरच्या नवी पेठेत भाड्याच्या गाळ्यात दुकान चालवणाऱ्या आमच्या मामांपर्यंत पोचला, आणि मामांना तो पटलासुद्धा! म्हणून हे लिहावं लागतंय.

आधी "आपोआप"चं बघू. दिवाणी प्रक्रिया संहितेतला आदेश ४१, नियम ५ नेमकं उलट सांगतो: नुसतं अपील दाखल झालं म्हणून हुकूमनाम्याची, म्हणजे कोर्टाने निकालात दिलेल्या हुकुमाची, अंमलबजावणी थांबत नाही. स्थगितीचा, म्हणजे ही अंमलबजावणी थांबवण्याचा, अर्ज वेगळा द्यावा लागतो आणि कोर्टाला तीन गोष्टी पटाव्या लागतात. स्थगिती नाकारली तर मोठं नुकसान होईल, अर्जाला विनाकारण उशीर झालेला नाही, आणि हुकूमनामा पुढे कायम झालाच तर तो पाळण्यासाठी तारण दिलेलं आहे. हे न करता अपिलाला नंबर पडला म्हणून पेढे वाटत बसलात, तर तिकडे मालक दरखास्त, म्हणजे हुकूमनामा अमलात आणण्याचा अर्ज, दाखल करतो आणि जागेचा ताबा घेण्याचं कब्जा वॉरंट घेऊन कोर्टाचा बेलीफ दारात उभा राहतो. त्याला अपिलाचा नंबर दाखवून उपयोग नाही, स्थगितीचा आदेश दाखवावा लागतो. मधल्या दिवसांची सोय कायद्यात आहे: ज्या कोर्टाने निकाल दिला त्याच कोर्टाकडे, अपिलाची मुदत संपायच्या आत, तात्पुरती स्थगिती मागता येते. निकालाच्या दिवशी वकिलाच्या हातात हा अर्ज तयार हवा.

आता "जुन्याच भाड्यात". सगळ्यात घातक वाक्य हेच. आत्माराम प्रॉपर्टीज विरुद्ध फेडरल मोटर्स या २००४ च्या निकालातली जागा दिल्लीच्या कॅनॉट सर्कसमधली, भाडं महिना ३७१ रुपये ९० पैसे. भाडेकरूने अपिलात स्थगिती मागितली तेव्हा न्यायाधिकरणाने अट घातली, महिन्याला १५,००० रुपये भरा. उच्च न्यायालयाने ती अट काढली, सर्वोच्च न्यायालयाने परत लावली. बेदखलीचा हुकूम झाला त्या दिवसापासून मालकाला ती जागा दुसऱ्याला देऊन जे मिळालं असतं त्या हिशेबाने भरपाई द्यावी लागू शकते, असं तिथे ठरलं. "ते दिल्लीचं, आपल्याला काय?" असंही मेसेजमध्ये आहेच. राज्यघटनेच्या कलम १४१ मुळे सर्वोच्च न्यायालयाने ठरवलेला कायदा सोलापूरच्या जिल्हा न्यायालयालाही बांधतो. म्हणून मालकाचा वकील हा निकाल घेऊनच उभा राहतो.

"अपिलात केस पुन्हा पहिल्यापासून." हे अर्धं खरं, नाइलाजाने मान्य. पहिल्या अपिलात पुरावा आणि कायदा दोन्ही नव्याने तपासले जातात. पण नवे साक्षीदार, नवे कागद सहसा नाहीत. खालच्या कोर्टाने पुरावा चुकीने नाकारला, कसून शोधूनही तो तेव्हा मिळाला नव्हता, किंवा निकालासाठी कोर्टालाच तो हवा वाटला, तरच. घरात पडलेली भाडेपावती तेव्हा दिली नाही, तर आता कोण घेणार?

"मुदतीचं टेन्शन नाही." आहे की! जिल्हा न्यायालयात ३० दिवस, उच्च न्यायालयात ९०. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस वजा होतात, पण नक्कल तयार झाल्यावर ती न्यायला तुम्ही आठवडाभर गेला नाहीत, तर तो आठवडा तुमच्या खात्यात. नकलेवर अर्जाची, तयार झाल्याची आणि दिल्याची तारीख असते, ती वाचा. उशीर माफ होऊ शकतो, पण कारण पटलं तर.

राहिलं "मग मुंबईला दुसरं अपील". १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूरची उच्च न्यायालयातली कामं मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरमधल्या सर्किट बेंचकडे आहेत. आणि दुसरं अपील कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच दाखल करून घेतात. त्यातून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याखालच्या दाव्यात, म्हणजे मामांसारख्यांच्या बाबतीत, जिल्हा न्यायालयानंतर दुसरं अपीलच नाही.