बंदीइतकीच तयारीही महत्त्वाची
कीटकनाशके कमी केली की उत्पादन घटणारच, असे कीटकनाशकांवरील बंदीविषयीच्या एका लेखात गृहीत धरले आहे; ते सरसकट मान्य करता येत नाही. इंडोनेशियाने १९८६ मध्ये भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली आणि १९८९ पर्यंत कीटकनाशकांवरील अनुदानही बंद केले, तरी भाताचे उत्पादन कोसळले नाही. कारण फवारणीमुळे तपकिरी तुडतुड्यांना (भाताचा रस शोषणाऱ्या किडीला) खाणारे कोळी आणि मित्रकीटक मरत, आणि बुंध्याशी दडलेले तुडतुडे मात्र पुन्हा झपाट्याने वाढत. तेथे बंदीपाठोपाठ शेतकऱ्यांना शेतातच कीड-नियंत्रण शिकवणाऱ्या शेतीशाळा सुरू झाल्या, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. श्रीलंकेने २०२१ मध्ये खते आणि कीटकनाशके दोन्हींची आयात एकाएकी थांबवली, तेव्हा पर्याय हाती नसलेल्या शेतकऱ्यांचे अतोनात नुकसान झाले आणि काही महिन्यांतच ते धोरण मागे घ्यावे लागले.